चार नंबरची वही

२ मार्च, सोमवार

आजपासून मी मोठी सिस्टर. अकरा वर्षं याच वृद्धाश्रमात काढली, सोळा खोल्यांतली कुठली कडी कुठे अडकते ते मला ठाऊक, तरी सकाळी किल्ल्यांचा जुडगा हातात आला तेव्हा एकेक किल्ली दोनदा मोजली. लेक फोनवर म्हणाली, "आई, रोजचं रोज लिहीत जा, नाहीतर सगळा राग बाबांवर निघेल." हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "वही मी आणतो." आणि संध्याकाळच्या आत आणलीसुद्धा.

पहिलं काम नोंदवह्यांचं घेतलं. प्रत्येक खोलीची एक वही. पाळीवरच्या सेविकेने त्यात लिहायचं: काय खाल्लं, औषध घेतलं का, पोट, झोप, काय बोलले. आमच्या बाया काय लिहितात? "ठीक." दुसऱ्या दिवशी पुन्हा "ठीक." अकरा नंबरचे आजोबा गेले त्या सकाळीसुद्धा वहीत "ठीक" होतं. म्हणून आज सगळ्यांना जेवणाच्या खोलीत उभं केलं आणि बजावलं, माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'छातीत दुखतंय' आणि 'छातीवर कुणीतरी बसलंय' यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो डॉक्टरांना कळू द्या, तुम्ही अर्थ लावत बसू नका.

पालथ्या घड्यावर पाणी, हे मलाही माहीत होतं. एकच मुलगी कागदावर उतरवून घेत होती. नवी आहे, आजच लागली.

५ मार्च, गुरुवार

नवी चांगली निघाली. काळीकुट्ट आहे, पण नीटनेटकी. आईवडील बाहेरच्या देशातून आलेले, ही इथलीच जन्मलेली. बोलणं कमी, काम जास्त. स्वयंपाकाच्या मावशीने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'डांबर' ठेवलं. नावं ठेवण्यात मावशीचा हात कुणी धरणार नाही, मलाही हसू आलं. प्रेमाने म्हणतात सगळ्या.

व्यवस्थापकांनी तिला चार नंबर दिलाय. चार नंबरला हेडबाई. वय चौऱ्याऐंशी, तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका, गावातल्या निम्म्या अधिकाऱ्यांचे कान त्यांनी पिरगाळलेत. मुलगा आमच्या समितीवर. बाई अजून पायात मोजे घालतानासुद्धा पाय सरळ रेषेत ठेवतात. त्यांची खोली कुणाला नको असते, म्हणून नव्या माणसाच्या गळ्यात.

आज मी तिथे गेले तर बाई तिला विचारत होत्या, "तू कुठली?"

"इथलीच, बाई. चौथ्या थांब्यापाशी राहतो आम्ही."

"तसं नाही. खरी कुठली?"

"चौथ्याच थांब्यापाशी," ती म्हणाली.

बाईंच्या कपाळाला आठी. मुलीला जरा मान खाली घालून बोलायला शिकवलं पाहिजे. मी भेदभाव मानत नाही, पण म्हाताऱ्या माणसांना सांभाळून घ्यावं लागतं.

११ मार्च, बुधवार

आज स्वर्ग दोन बोटं उरला. डॉक्टर सोळाही वह्या चाळून गेले आणि व्यवस्थापकांसमोर म्हणाले, "अशा नोंदी असल्या तर माझं अर्धं काम होतं." हेडबाई आठवडाभर जेवणावरून उठत होत्या. पाणी लोखंडासारखं लागतं असं त्या म्हणाल्याचं वहीत होतं. तेवढ्यावरून डॉक्टरांनी ओळखलं, नव्या गोळीने तोंडाची चव जाते. गोळी बदलली. सांगणारी मी होते ना, त्यांच्याच शब्दांत लिहा म्हणून!

घरी येऊन यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "ऐकलं मघाशी."

सह्यांचं काम मात्र वाढलंय. सोळा वह्या, रोज प्रत्येकीत खाली माझी सही. दहा मिनिटांत उरकते. वाचायला वेळ कुणाला आहे?

१५ मार्च, रविवार

रविवारी नातेवाईक येतात, त्यांना खोलीची वही बघायची मुभा आहे. बघत कुणी नाही. आज हेडबाईंच्या मुलाने बघितली. आधी उभ्याने वाचत होता, मग बसला. मग वही घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि बोट ठेवून म्हणाला, "हे वाचा."

वाचलं. इथे उतरवून ठेवते.

"सकाळी ७. बाई म्हणाल्या, 'ए काळे, लांबून बोल.' लांबून बोलले. अर्धं अंडं, एक पाव खाल्ला."

"सकाळी ९. बाई म्हणाल्या, 'तुम्हा लोकांना पाण्याचं काय माहीत.' अंघोळ घातली. पाठीवर चट्टा नाही."

"दुपारी ४. बाई म्हणाल्या, 'माझ्या कपाला हात लावू नकोस, दुसरी कुणी पाठव.' दुसरी कुणी मोकळी नव्हती. चहा गार झाला."

पानामागून पान, असंच. अक्षर मोत्यासारखं.

"माझ्या आईने तीस वर्षं मुलं घडवलीत," तो म्हणाला. "आणि तुमची ही बाई तिची अशी बदनामी करून ठेवते? उद्या कुणी वाचलं तर?"

"नवी आहे हो. कळत नाही तिला."

"खाली सही तुमची आहे."

होती माझीच. पण मग तो जरा नरमला. "तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, सिस्टर. तुम्हाला आईची कदर आहे, ते वहीतच दिसतं." मला बरं वाटलं. माझं त्याला वहीत काय दिसलं कुणास ठाऊक, पण वाटलं बरं.

बसमध्ये एक गोष्ट लक्षात आली. आई असं बोललीच नाही, असं तो एकदाही म्हणाला नाही.

१६ मार्च, सोमवार

व्यवस्थापकांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर. तशीच दुसरी वही घ्या, त्यात सगळं नीट उतरवून काढा, त्या मुलीची सही घ्या. मंगळवारी चोवीसला समितीची बैठक आहे. मुलगी महिनाभराच्या बोलीवर आहे, तेव्हाच तिचं काय ते संपवू. तुम्ही चार ओळींचं पत्र द्या."

"पत्रात काय लिहू?"

"भाषा असभ्य, असं लिहा."

भाषा तिची नव्हती. हे मला तिथेच सुचलं होतं, पण तोंडातून निघालं नाही. जूनमध्ये माझी नेमणूक पक्की व्हायची आहे आणि ती करणारी समिती हीच.

नवीला बोलावलं.

"अगं, असं का लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत, सिस्टर. त्यांच्याच शब्दांत."

"ते दुखण्याखुपण्याचं गं! काय लिहायचं आणि काय नाही, शहाण्या माणसाला कळतं."

"दुखणं कुणाचं, ते नव्हतं सांगितलंत."

मी टेबलावरची वही मिटली. मग तिनेच विचारलं, "मी खोटं लिहिलंय का काही?"

"नाही."

"मग दुसऱ्या वहीवर सही मी नाही करणार. नोकरी हवीय मला, सिस्टर. घरी आई आहे, धाकटी बहीण शिकतेय. पण सही नाही."

एवढं बोलून सहा नंबरचं अंथरूण बदलायला निघून गेली. राग आला मला. नाकापेक्षा मोती जड. महिनाही झाला नाही आणि आम्हाला शिकवते.

१८ मार्च, बुधवार

दुपारी औषधांच्या खोलीत बसून उतरवायला घेतलं. सोपं होतं. जिथे जिथे बाई काही म्हणाल्या तिथे 'चिडचिड केली' लिहायचं, पुढे अंडं, पाव, चहा तसंच. सकाळी चिडचिड केली. अंघोळीच्या वेळी चिडचिड केली. पहिली पाच पानं अर्ध्या तासात झाली. वाचायलाही चांगलं दिसत होतं, कुठल्याही वृद्धाश्रमाच्या वहीसारखं.

सहाव्या पानावर हे आलं:

"दुपारी १. बाई म्हणाल्या, 'तुझ्या हातचं पाणी लोखंडासारखं लागतं, तुम्हा लोकांच्या हातातच घाण.' पेला बदलला. दुसरीच्या हातून दिलं. तरी म्हणाल्या, लोखंड. तीन दिवस झाले. डॉक्टरांना सांगावं."

सवयीने मी 'चिडचिड केली' लिहिलंसुद्धा. मग पेन थांबलं. हेच ते वाक्य, ज्यावरून गोळी बदलली आणि ज्याच्यावरून मी घरभर मिरवले. माझ्या वहीत ते आता नव्हतं. नुसती चिडचिड होती, आणि चिडचिडीवर डॉक्टर काय करणार? झोपेची गोळी देतील.

मनात आलं, एवढं लोखंड तेवढं ठेवावं आणि बाकीचं गाळावं. तीन प्रकारे लिहून पाहिलं. कसंही लिहिलं तरी विचार येतो, हिने पेला का बदलला, दुसरीच्या हातून का दिलं. वाक्य कापलं की लंगडतं.

शिवी खाऊन तिने त्यातून दुखणं वेचून काढलं होतं. मला सुचलं असतं का? मी रडत मोरीत गेले असते.

सहा पानांवरच थांबले.

२० मार्च, शुक्रवार

जुन्या वह्या जिन्याखालच्या कपाटात आहेत. किल्ली आता माझ्याकडेच, कुणाला विचारायला नको. गेल्या सहा-सात वर्षांच्या काढून बसले. धुळीने शिंका सुरू झाल्या. मावशी डोकावून म्हणाली, "काय हरवलंय, सिस्टर?" म्हटलं, बघतेय.

चिडचिड. चिडचिड केली. सकाळपासून चिडचिड. अक्षर कुणाचं? पुष्कळ ठिकाणी माझंच. सेविका तोंडी सांगायच्या आणि मी लिहायची, तेव्हा ती पद्धत होती.

मग पाळीचे तक्ते शेजारी ठेवून पाहिलं. चिडचिड कधी होते? तीनच जणींच्या पाळीला. इतर बायांच्या पाळीला तीच माणसं 'ठीक'. त्या तिघी आठवल्या. पहिली दीड वर्ष टिकली, दुसरी आठ महिने, तिसरी पावणेदोन महिने. तिघींच्या अर्जावर सोडण्याचं कारण एकच, 'घरगुती'. तिघीही नवीच्याच लोकांतल्या.

त्यांपैकी मधली एकदा फाटकापाशी मला काहीतरी सांगत होती. मी घाईत होते. "मनावर घेऊ नकोस गं, म्हातारी माणसं," असं म्हटल्याचं आठवतं. ती काय सांगत होती ते काही केल्या आठवत नाही. लिहिलेलं कुठे नाही. मी लिहिलंय 'चिडचिड'.

जेवताना यांना सांगितलं. हे बराच वेळ भाजी चिवडत बसले. मग म्हणाले, "मंगळवारी काय करणार?"

"ठरलं नाही."

"झेपेल ते कर. पण नाही केलंस तर नंतर वर्षभर मला ऐकवू नकोस."

तेहतीस वर्षांच्या संसाराचं सार.

२२ मार्च, रविवार

हेडबाईंचा मुलगा आला होता, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. नवी बाईंचे केस विंचरत होती. बाई आरशात बघून म्हणाल्या, "भांग वाकडा आहे." तिने मोडून पुन्हा पाडला. त्या मुलीची मान खाली नव्हती. मला आता ते बरं वाटलं, दोन आठवड्यांपूर्वी खटकलं होतं.

पत्राच्या चार ओळी लिहिल्या नाहीत. व्यवस्थापकांना सांगितलं, बैठकीतच बोलेन. त्यांनी ते आपल्या सोयीने घेतलं.

२४ मार्च, मंगळवार

जेवणाच्या खोलीत बैठक. टेबलं जोडलेली, समितीची पाच माणसं, त्यात मुलगा. अध्यक्षबाई मधोमध. डॉक्टरांनाही बोलावलं होतं. नवी दाराशी स्टुलावर. स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी बोटभर उघडी, म्हणजे मावशीही हजर.

व्यवस्थापकांनी तक्रार सांगितली. अध्यक्षबाईंनी नवीला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

"सगळं वहीत आहे, बाई."

"सिस्टर, वाचा मग," व्यवस्थापक म्हणाले आणि माझी सहा पानी वही पुढे सरकवली. मी ती बाजूला केली आणि मूळची उचलली. त्यांनी खाकरून पाहिलं. मी पहिल्या पानापासून सुरू केलं.

माझा आवाज असा की घंटा न वाजवता सोळा खोल्या जेवायला येतात. दडपण होतं ते दुसऱ्याच पानावर गेलं. ए काळे, लांबून बोल. अर्धं अंडं. तुम्हा लोकांना पाण्याचं काय माहीत. पाठीवर चट्टा नाही. लोखंडाच्या ओळीला डॉक्टर म्हणाले, "हेच ते. हे नसतं तर बाई अजून उपाशी उठल्या असत्या." मुलगा टेबलाकडे बघत होता. मी जुन्या वह्यांचं, त्या तिघींचंही सांगितलं. खरं लिहायचं तर मला चढलं होतं. आपण न्याय करतोय, असं वाटत होतं. पान उलटलं आणि तशीच जोरात सुरू झाले.

"तेरा मार्च, सकाळी आठ. बाई म्हणाल्या, 'हिच्या हातून खाणार नाही.' मोठ्या सिस्टर आल्या."

पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचली. आवाज बंद.

हे मी कधी वाचलंच नव्हतं. खाली सही होती माझी.

मुलाने मान वर केली. त्याला माहीत होतं. कदर म्हणाला होता ती हीच. व्यवस्थापक वाकून बघत हळूच म्हणाले, "ते गाळा, सिस्टर. त्याचा तक्रारीशी संबंध नाही." मी बोट खालच्या नोंदीवर नेलं. नेलं, हे लिहिलंच पाहिजे. नवी दाराशी बसून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. आता ही काय वाचते, एवढंच बघत होती.

बोट परत वर आणलं.

"मोठ्या सिस्टर म्हणाल्या, 'बाई, मीच तिला दोनदा साबणाने घासून हात धुवायला लावलेत. आता काही लागायचं नाही तुम्हाला.' बाई हसल्या. मोठ्या सिस्टरही हसल्या. मी पुन्हा हात धुतले. दूध-पाव संपवला."

खिडकीची फळी लागल्याचा आवाज आला.

व्यवस्थापक लिहिणाऱ्याला म्हणाले, "हे कार्यवृत्तात घेऊ नका."

"घ्या," मी म्हटलं. "बोललेय मी."

अध्यक्षबाईंनी मुलाला विचारलं, तक्रार पुढे न्यायची का. तो खुर्चीवरून उठला. मग विचारलं, "आईला हे कुणी वाचून दाखवलंय?" कुणीच नव्हतं दाखवलं. बदनामी कुणाची झाली ते बाईंना विचारायचं आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "द्या, मी दाखवतो," आणि वही घेऊन चार नंबरकडे गेला.

मुलगी राहिली. वह्यांचा नियमही राहिला, सोळाही खोल्यांना. माझ्या जूनचं कुणी काही बोललं नाही. बोलतील.

घरी येऊन आधी ही वही उघडली. तेरा मार्च शोधला. अकरानंतर एकदम पंधरा आहे. दोनदा बघितलं. मला तो दिवस आठवत नाही, ते वाक्य आठवत नाही, हसलेलं तर अजिबात नाही. बाईंना खुश करायला बोलले असेन, सहज, औषधाचा ट्रे हातात धरून. तिला मात्र वेळेसकट माहीत आहे. लाज वाटते.

२५ मार्च, बुधवार

सकाळी पहिली चार नंबरची वही मागवली. आता सही करण्याआधी वाचते. सोळा वह्यांना दीड तास लागतो.

"सकाळी ७. बाई म्हणाल्या, 'आज काय लिहिणार आहेस?' मी म्हटलं, तुम्ही बोलाल ते. बाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. अख्खं अंडं, दोन पाव खाल्ले."

नवी कपडे घड्या घालायच्या खोलीत होती. एकटीच. मी काल रात्रीपासून जुळवत होते: त्या वेळी कसं सुचलं नाही, मनात तसं नव्हतं, मी काही तशी नाही. तिच्यासमोर उभी राहिले तर त्यातलं एकही वाक्य तोंडात टिकेना. सगळी गुळगुळीत, चिडचिडीच्या जातीची.

म्हटलं, "तेरा तारखेला चुकलं माझं."

तिने हातातली चादर पुरती घडी करून फळीवर ठेवली. मग विचारलं, "हे वहीत लिहू, सिस्टर?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या हो. कुणीही म्हटलं असतं. मी तेवढीच वाट बघत होते, हे तिने विचारल्यावर कळलं.

"लिही," म्हटलं.

दुपारी सह्यांना बसले तेव्हा चार नंबरच्या वहीत नोंद होती.

"सकाळी ११.२०. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, 'तेरा तारखेला चुकलं माझं.' मी काही बोलले नाही."

दोनदा वाचलं आणि खाली सही केली.